डॉक्टर आणि रिमोट

माझ्या नवऱ्याला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि माझ्या दिराला रिमोट. नवरा कॉम्प्युटर उघडून बरे करायचा म्हणून डॉक्टर. दीर गेमचे कन्सोल विकायचा, आणि कन्सोलबरोबर येणाऱ्या त्या दोन मुठींत धरायच्या बटणांच्या यंत्राला सुरुवातीला प्रत्येक गिऱ्हाईक रिमोट म्हणायचं, म्हणून तो रिमोट. मी दोघांच्याही गिऱ्हाइकांची वहिनी. काउंटरवर बसायची, दोघांच्या बरोबर मधे, आणि दोघांच्याही शिव्या ऐकायची.

दुकान सासऱ्यांचं. टीव्ही धान्याच्या पोत्याएवढे जड असायचे आणि बिघडला तर माणसं तो खांद्यावर घालून दुरुस्तीला आणायची, त्या काळातलं. पुढे टीव्ही पातळ झाले, सासऱ्यांचे डोळेही अधू झाले, आणि दुकान मुलांनी घेतलं. घेतलं म्हणजे फाडलं. मधोमध प्लायवूड उभं केलं. डावीकडे डॉक्टरचे कॉम्प्युटर, उजवीकडे रिमोटचे कन्सोल, शटर एक. ते प्लायवूड मागच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हतं. कमी पडलं होतं, आणि उरलेला तुकडा कुणी आणायचा यावर दोघा भावांचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्या फटीत सासरे खुर्ची टाकून बसायचे. त्यांना दोन्ही बाजू दिसायच्या. बोलायचे काहीच नाहीत. मला वाटायचं, म्हातारा शहाणा आहे, पडत नाही यांच्या भानगडीत.

खरं तर भांडण दुकानाच्याही आधीचं. दोघं मिसरूड फुटायच्या वयाचे असताना मामाने धाकट्याला एक कन्सोल दिला होता. टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खुपसायची आणि खेळायचं. चाललं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची की चाललंच. थोरल्याकडे त्याच वेळी कुणाच्या तरी ऑफिसातून टाकून दिलेला कॉम्प्युटर आला होता. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. गेम चालू करायला आधी पाठ केलेल्या आज्ञा टाइप करायच्या, मग मेमरी पुरत नाही म्हणून बाकीचं बंद करायचं, मग आवाज येत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. धाकटा तोवर तीन गेम संपवून जेवायला बसलेला असायचा. पण थोरल्याला गेममध्ये मुळी रसच नव्हता. त्याला ते चालू करण्यात रस होता. सासऱ्यांनी त्याला हातात वायरी जोडायचं, डाग द्यायचं यंत्र देऊन लहानपणापासून हे शिकवलं होतं, की जी वस्तू आपल्याला उघडता येते तीच आपली. तो ते देवाचं वाक्य समजायचा.

एकदा धाकट्याने विचारलं, "दादा, तुझा कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये, काय झालं असेल?" थोरल्याने मागे हात घातला. मागचं बटण बंद होतं, एवढंच. ते दाबून विषय संपवायचा ना? नाही. त्याने धाकट्याला दुकानाच्या दारात उभं केलं आणि टीव्ही घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्याकडून सांगायला लावलं, "मी बटण चालू न करताच कॉम्प्युटर बिघडला असं म्हणालो." संध्याकाळपर्यंत. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय. नवऱ्याने हसत हसत सांगितलं. दिराने हसत नाही सांगितलं. त्यानंतर धाकट्याने भावाला कधी काही विचारलं नाही, आणि थोरल्याने तर कुणालाच कधी काही विचारलं नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या नवऱ्याचे दिवस होते. गेमचं चित्र खरं वाटायला लावणारी वेगळी कार्डं नुकतीच आली होती. ग्राफिक्स कार्ड. त्याने पहिलं कार्ड बसवलं त्या दिवशी मला हाताला धरून दुकानात आणलं आणि पडद्यावरचं पाणी दाखवलं. "बघ, लाट कशी येते ते बघ." मी नवी नवरी, मला काय कळतंय डोंबल. पण पाणी खरंच पाण्यासारखं दिसत होतं. पलीकडे दिराच्या कन्सोलवर तोच गेम लागला होता आणि त्याचं पाणी निळ्या फरशीसारखं दिसत होतं. नवरा प्लायवूडवर टकटक करून म्हणाला, "रिमोट, तुझ्याकडे फरशी पुसायला बाई लावलीय का?" गिऱ्हाइकं खिदळली. दिराने आवाज वाढवला गेमचा, एवढंच.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता, हे मी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. तो फक्त बरोबर असायचा आणि बरोबर असल्याचं दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा. "तुझा डबा सहा वर्षं असाच राहणार. माझं मशीन दर वर्षी तरुण होतं. कार्ड बदललं, मेमरी वाढवली, झालं." हे खरंच होतं. पण गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो डॉक्टर, मागच्या वर्षीच तर बदललं कार्ड, आता हा गेम पुन्हा नवीन मागतोय." त्यावर नवऱ्याकडे उत्तर तयार असायचं, "मग जा पलीकडे, खेळणी मिळतात तिकडे." आणि गिऱ्हाईक खरोखरच पलीकडे जायचं. प्लायवूडला वळसा घालून, माझ्या काउंटरपुढून. मी त्याला या म्हणायची. मला काय, दोन्हीकडचं बिल मीच करायची.

दिराचे दिवस हळूहळू आले. कन्सोलमध्ये सिनेमाच्या तबकड्या चालायला लागल्या तशा बायका घ्यायला आल्या. मुलं खेळतील आणि आपण सिनेमा बघू, असा हिशेब. तबकडी घातली की चालू. काही बसवायचं नाही, काही पाठ करायचं नाही. मग कन्सोल नेटवर जोडले गेले आणि पोरं घरी बसून दुसऱ्या गावच्या पोरांना शिव्या देत खेळायला लागली. नवरा म्हणायचा, हे सगळं आमच्याकडे आधीपासून होतं. खरं होतं तेही. सगळं त्याच्याकडे आधीपासून असायचं. फक्त ते चालवायला तो स्वतः लागायचा.

मध्येच एक काळ असा आला की कन्सोलच्या पोटात जो मुख्य भाग असतो, तो कॉम्प्युटरवाल्याच घराण्यातला यायला लागला. नवऱ्याने दुकानातच एक कन्सोल उघडला, दिराच्या देखत, वॉरंटीचं सील फाडून. "हे बघ. माझाच माल आहे आत. वर नुसतं काळं झाकण घातलंय." दिराने शांतपणे ते झाकण परत लावलं आणि म्हणाला, "दादा, लोकांना झाकणच हवंय." त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाइकं त्याच्या बाजूने हसली. माझ्या नवऱ्याला ते इतकं लागलं की तो रात्री नीट जेवला नाही. मी म्हटलं, "अहो, एक वाक्य बोलला तो. तुम्ही वीस वर्षं बोलताय." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पोळी वाढायला लागले.

मग ती नाण्यांची साथ आली. कॉम्प्युटरवर हवेतली नाणी, क्रिप्टो म्हणतात ती, तयार करायची म्हणून माणसांनी ग्राफिक्स कार्डं पोत्याने उचलली. गेम खेळायला नाही हो, भिंतीला लावून दिवसरात्र तापवायला. माझ्या नवऱ्याच्या दुकानात कार्ड येईना. जे यायचं ते कुणाला परवडेना. त्याच्याकडे मोकळे सांगाडे होते, सुंदर, काचेचे, आत रंगीत दिवे, आणि त्यात घालायला काही नाही. पोरं यायची, काचेत बघायची आणि पलीकडे जाऊन कन्सोलसाठी नाव नोंदवायची. कन्सोलचाही तुटवडा होताच, पण लोक वाट बघायला तयार होते. डॉक्टर रोग्याविना बसून राहिला. त्या दिवसांत तो जुनी मशीनं उघडून नुसती धूळ साफ करायचा. मी विचारलं, कुणाचं आहे हे? म्हणाला, कुणाचंच नाही.

आणि तेव्हा सासरे पहिल्यांदा बोलले. एके सकाळी शटर वर जाताच त्यांनी दोघांना समोर उभं केलं. "दोन धंदे या जागेत चालत नाहीत. आता एकच राहील. दुसऱ्याने आपलं सामान उचलायचं." नवरा म्हणाला, "कोण ते ठरवणार कोण?" सासरे म्हणाले, "हॉलवाला ठरवेल."

हॉलवाला म्हणजे पुढच्या चौकात जुन्या बँकेच्या जागेत गेम खेळायचा मोठा हॉल काढणारा एक माणूस. तासावर मशीन भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत. त्याला सगळ्या टेबलांसाठी एकाच जातीची मशीनं हवी होती आणि तो दोन्ही भावांकडे घिरट्या घालत होता. ठरलं असं, की दुकानासमोर फुटपाथलगत एक लांब टेबल मांडायचं, त्यावर दोन सारखे टीव्ही, एकाला डॉक्टरचं मशीन, दुसऱ्याला रिमोटचा कन्सोल, आणि दोन्हींवर एकच गेम लावायचा. हॉलवाला बघेल आणि सांगेल. त्याला जे पसंत, दुकान त्याचं. दुसरा बाहेर. सगळ्यांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही, पण मीही मान हलवली.

नवऱ्याचं वय त्या आठवड्यात निम्म्यावर आलं. कुठून तरी त्याने एक कार्ड मिळवलं, आमच्या घरातलं काय काय विकून मिळवलं ते मी सांगत बसत नाही. ते त्याने माझ्यासमोर डबीतून काढलं. मशीन बांधलं, चालवलं, मला बोलावलं. पाण्याचं नाव काढू नका, गेममधल्या माणसाच्या गालावरचा घाम दिसत होता. तो म्हणाला, "आता बोलू दे त्याला झाकण." त्याला जिंकायचं होतं, पण त्याहून जास्त त्याला हे हवं होतं, की खुर्चीत बसलेल्या बापाने बघावं. बापाने शिकवलं तसं उघडणारं मशीन बंद डब्याला हरवतंय, हे बापाच्या डोळ्यांदेखत व्हावं. बाकी दुकान वगैरे ठीक आहे.

त्या दिवशी सकाळपासून गर्दी. टेबल असं मांडलं होतं की पडदे रस्त्याकडे आणि मशीनांच्या पाठी दुकानाकडे. सासरे त्यांच्या खुर्चीत, दुकानाच्या तोंडाशी, पाठींच्या बाजूला. मी काउंटरवर, आडव्या अंगाने. मशीन घरी जोडून तपासलेलं होतंच, पण इथे वायरी लोंबतायत हे नवऱ्याला खपेना. लोक बघतायत, नीटनेटकं दिसायला हवं. त्याने सगळ्या वायरी काढल्या, टेबलाच्या कडेने बांधल्या आणि पुन्हा जोडायला लागला. मागे न बघता. हे त्याचं नेहमीचंच. पडद्याकडे तोंड, हात मशीनच्या पाठीमागे, आणि बोटांनी चाचपून भराभर जोडायचं. गिऱ्हाइकांना त्याचं कौतुक वाटायचं. "माझ्या बोटांना डोळे आहेत," असं तो म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला.

हॉलवाला आला. दोन्ही गेम सुरू झाले. कन्सोलवरचा माणूस धावत सुटला, भिंतीवरून उडी मारली, पलीकडे गेला. माझ्या नवऱ्याच्या पडद्यावरचा माणूस एक पाऊल टाकून थांबला. मग दुसरं पाऊल. मग अर्धा हवेत राहिला. एखादी म्हातारी जिना उतरते ना, प्रत्येक पायरीवर थांबून, तसा तो चालला होता. आधी कुणी हसलं नाही. लोकांना वाटलं, अजून सुरू व्हायचंय.

नवऱ्याने गेमची मांडणी हलकी केली. सावल्या काढल्या, पाणी काढलं, गालावरचा घाम तर कधीच गेला. तरी तेच. त्याने बंद करून चालू केलं. तेच. मग त्याने झाकण उघडलं, आणि मला कळलं की आता हा माणूस संपला, कारण झाकण उघडलं की तो आजूबाजूचं जग विसरतो. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. कार्डाच्या वायरी तपासल्या. कार्डाला बोट लावून बघितलं आणि हॉलवाल्याला म्हणाला, "बघा, एवढं चालूनसुद्धा गार आहे. कूलिंग असं असतं." गार होतं, कारण ते काम करतच नव्हतं.

दीर दोन हात अंतरावर उभा होता. हात मागे बांधून. बराच वेळ तो भावाकडेच बघत होता. मला वाटलं, कीव येतेय त्याला. मी मनात म्हटलंही, भावजी, पुढे व्हा, मदत करा. तो हलला नाही. फक्त एकदा म्हणाला, "दादा, काही हवंय का?" नवरा डोकं वर न करता म्हणाला, "तू तुझा डबा सांभाळ."

मग लोक हसायला लागले. एकाने ओरडून विचारलं, "डॉक्टर, पेशंट गेला का?" दुसरा म्हणाला, "रिमोटला विचारा." हॉलवाला घड्याळ बघून, चांगल्या शब्दांत, बूट फुटपाथवर घासत म्हणाला, "अहो, माझ्याकडे येणारी पोरं तासाने खेळणार. झाकण उघडायला वेळ नाही त्यांना." आणि तो दिराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. नवऱ्याने भिंतीतला प्लग उपटला. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला, व्यवस्थित, नेहमीच्या जागी ठेवतात तसा, आणि तो गर्दीतून चालत घरी गेला. मी काउंटर सोडून मागे जाऊ शकले नाही. त्याच वेळी तीन गिऱ्हाइकं कन्सोलला रांग लावून उभी होती.

मशीन त्याने पुन्हा बघितलं नाही. "फेकून द्या ते," एवढंच म्हणाला. दिराने ते आठवड्याभरात एका पोराला विकलं. ते पोरगं तक्रार घेऊन कधी आलं नाही. माझ्या नवऱ्याच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण तो तेव्हा कशाकडेच लक्ष देत नव्हता. घरात बसून बोटं बघायचा स्वतःची. मला म्हणाला, "हात गेला गं माझा. काहीतरी नाजूक बिघडवलं मी बांधताना, आणि मला ते कळलंसुद्धा नाही." मी म्हटलं, "होतं एखाद्या वेळी." तो म्हणाला, "मला होत नाही." खरंच त्याला होत नव्हतं. तेच तर त्याला खात होतं.

प्लायवूड निघालं. दिराने दुकान रंगवलं, वर दिव्यांची पाटी लावली. आणि मग एक दिवस तो घरी आला, चप्पल बाहेर काढून, आणि म्हणाला, "दादा, माणूस हवाय मला. बाहेरचा ठेवण्यापेक्षा तूच ये." मी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा उठून याच्या कानाखाली देणार. तो म्हणाला, "किती वाजता?"

तर डॉक्टर नोकरीला लागला, भावाच्या दुकानात, त्याच जागेत. दुकानाच्या नावाचा निळा टी-शर्ट घालायचा. खोकी उतरवायची, त्यावरच्या रेघांवर लाल दिवा मारायचा, गिऱ्हाइकाला विचारायचं, पांढरा हवा की काळा. झाकण उघडायचं काही काम नाही. दीर त्याच्याशी नीट वागायचा, हे मी कबूल करते. इतका नीट की मला चीड यायची. सगळ्यांसमोर "दादाला विचारा", "दादा सांगेल". जुनी गिऱ्हाइकं तोंड लपवून हसायची. नवऱ्याला ते दिसायचं. तो लाल दिवा मारत राहायचा.

असे बरेच महिने गेले. मग एक दिवस एका बाईने आपल्या मुलाचा कॉम्प्युटर उचलून आणला. "इथे पूर्वी डॉक्टर बसायचे ना? नवीन घेतलाय, भारीतलं कार्ड आहे म्हणे, पण गेम अडकत अडकत चालतो." नवरा खोकी लावत होता, त्याने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. दीर पुढे झाला. मशीन काउंटरवर ठेवून पाठ फिरवली, नुसती बघितली, आणि हसला. "ताई, हे बघा. पडद्याची केबल वरच्या भोकात लावलीय. ते नुसत्या मदरबोर्डचं. कार्डाचं खाली आहे. वर लावली की चित्र दिसतं, दिवे लागतात, पंखे फिरतात, पण कार्ड बिचारं आत बसून राहतं. सगळेच करतात ही चूक. आमच्या दादानेसुद्धा..."

तो थांबला. जीभ चावली म्हणतात तसं काही केलं नाही त्याने. वाक्य अर्धंच ठेवलं आणि केबल खाली लावून दिली. बाई खूश होऊन गेली. जाताना म्हणाली, "किती सोपं होतं हो."

नवऱ्याच्या हातात खोकं होतं. तो म्हणाला, "दादानेसुद्धा काय?"

नवऱ्याने खोकं खाली ठेवलं. "त्या दिवशी केबल वर होती?"

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"टेबलावर माझी वायर लावताना दिसलं. आधीच." मग तो म्हणाला, "दादा, मी तिथेच उभा होतो. काही हवंय का विचारलंही. तू एकदा, फक्त एकदा म्हणाला असतास, बघ रे जरा, काय झालंय ते, तर मी त्याच क्षणी सांगितलं असतं. इतकी वर्षं वाट बघितली मी, तू मला काही विचारशील म्हणून."

मला वाटलं, आता भांडण होणार, खरंखुरं. झालं असतं तर बरं झालं असतं. पण नवरा हसायला लागला. अख्खं आयुष्य असल्या चुकांवर तो दुसऱ्यांना हसला होता, त्याला तेवढंच येत होतं बहुतेक. हसता हसता तो मागे वळला आणि खुर्चीकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं होतं. मशीनच्या पाठी कुणाच्या समोर होत्या ते.

"बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला दिसत होतं?"

सासरे म्हणाले, "दूरचं दिसतं मला. जवळचं दिसत नाही."

"म्हणजे दिसत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत? तुम्हीच शिकवलंत मला. तुमचाच हात होता तो."

खोटं बोलता आलं असतं म्हाताऱ्याला. त्या वयाच्या माणसाचं खोटं कुणी उकरून काढत नाही. पण तो म्हणाला, "तू जिंकला असतास तर हा रस्त्यावर गेला असता, आणि तू याला परत आत घेतलं नसतंस. हा जिंकला तर तुला ठेवून घेईल, हे मला ठाऊक होतं. तेवढंच बघितलं मी. मशीनचं काय, मशीन तुझंच चांगलं होतं."

म्हाताऱ्याने बरोबर ओळखलं होतं. माझ्या नवऱ्याने भावाला परत घेतलं नसतं. टी-शर्ट देऊनसुद्धा नाही. नवऱ्यालाही ते त्याच क्षणी कळलं, मी त्याचं तोंड बघितलं. मशीन सरस होतं, हात शाबूत होता, आणि बापाने ते सगळं बघून मुलगा तोलला होता आणि बाजूला ठेवला होता. त्याने खोकं उचललं, फळीवर लावलं, आणि विचारलं, "पांढरे संपत आलेत. मागवायचे का?" दीर म्हणाला, "मागव."

घरी आल्यावर मी म्हटलं, "सोडा ती नोकरी. मशीनं बांधा पुन्हा. आता तर कळलं ना, हात चांगलाय तुमचा." तो म्हणाला, "हात चांगला होता, ते बाबांना दिसतही होतं. म्हणूनच." एवढ्यावर विषय संपला. मी पुष्कळ आदळआपट केली. भांडी आदळली, दिराला नावं ठेवली, सासऱ्याला नावं ठेवली, शेवटी त्यालाही. त्याने जेवून ताट उचललं.

त्यानंतर काही दिवसांनी सासऱ्यांचा रेडिओ बंद पडला. ते तो दुकानात घेऊन आले, खुर्चीत बसून मांडीवर ठेवला आणि कुठून तरी स्क्रू ड्रायव्हर शोधून उघडलाही. उघडेपर्यंत ठीक झालं. आतली एक वायर निघाली होती, ती त्यांनी अंदाजाने पिळून बसवली. पुढे जमेना. जवळचं दिसत नाही म्हणून तो डोळ्यांपासून लांब धरायचे आणि लांब धरला की हात हलायचे. एक स्क्रू खाली पडला. तो शोधायला वाकले तेव्हा दुसरा पडला. दुकानात गर्दी होती. त्यांनी हाक मारली, "अरे थोरल्या, बघ रे जरा."

माझा नवरा दोन हात अंतरावर उभा होता. त्याने मान वळवून रेडिओकडे बघितलं. एका नजरेत कळलं असणार त्याला. तो म्हणाला, "बाबा, आता हे असलं कुणी उघडत नाही. नवीन घ्या." आवाज अगदी साधा, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. आणि तो पुढच्या माणसाकडे वळला, पांढरा हवा की काळा विचारत.

दिराने ऐकलं. तोही पुढे झाला नाही.

म्हातारा मागचं झाकण घेऊन बसला. लावायचा, निसटायचं. पुन्हा लावायचा. बोटांनी कड चाचपून बघत होता, ओठ हलत होते त्याचे. झाकण त्याने उलटं धरलं होतं. मी काउंटरवर बसले होते, मला सरळ दिसत होतं. मी बिलं करत राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं.